खरे आणि खोटे: एका बेटाची प्रस्तावना

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून किल्ल्याच्या बेटावर होडी जाते. या पुस्तकातलं बेट त्याच्याही पलीकडे आहे आणि कुठल्याही नकाशात नाही, तेव्हा अर्नाळेकरांनी राग मानू नये. बेटावर दोनच घराणी नांदतात. खरे घराण्यातली माणसं जे बोलतात ते खरंच असतं, खोटे घराण्यातली जे बोलतात ते खोटंच असतं. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून कोण कुठल्या घरचं ते ओळखता येत नाही. ही दोन्ही आडनावं मराठीत पूर्वापार आहेत आणि दोन्हींत नामवंत माणसं होऊन गेली. कोणी खोटे आडनावाचे वाचक असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. खोट्यांवाचून या पुस्तकाचं पान हलत नाही.

बेटावर बाजार भरला आहे. मासळीवाली, केळीवाली आणि फुलवाली शेजारी शेजारी बसल्या आहेत. मासळीवाली म्हणते, "आमच्या तिघींत खरे घरची एकच." केळीवाली म्हणते, "एक कुठली, दोघी आहेत." फुलवाली म्हणते, "एकही नाही." कोण कोणत्या घरची?

सुरुवात फुलवालीपासून करावी. "एकही नाही" हे वाक्य खरे घरची बाई बोलूच शकत नाही, कारण ती बोलली की तीच एक निघते. म्हणून फुलवाली खोटे. तिचं वाक्य खोटं, म्हणजे तिघींत निदान एक तरी खरे आहे. आता केळीवाली खरे आहे असं धरून पाहू. मग खरे दोघी हव्यात. फुलवाली तर बाद झाली, तेव्हा दुसरी मासळीवालीच असणार. पण मासळीवाली "एकच" म्हणते आहे, म्हणजे खरे घरची असून ती खोटं बोलली. हे जमत नाही. केळीवालीही खोटे. उरली मासळीवाली.

इथे बहुतेक जण पेन्सिल ठेवतात. ती ठेवू नये. उरली म्हणून ती खरे, एवढ्यानं भागत नाही. तिला खरे मानल्यावर तिन्ही वाक्यं आपापल्या जागी बसतात का ते पाहावं लागतं. खरे एकच, म्हणून मासळीवालीचं वाक्य खरं, केळीवालीचं आणि फुलवालीचं खोटं. बसलं. हा शेवटचा पडताळा नसता, तर कोडंच मुळात अशक्य असण्याची शक्यता शिल्लक राहिली असती, आणि या विषयात अशक्य कोडी ढिगानं आहेत.

या साऱ्या खटाटोपात आपण एकदाही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कोण प्रामाणिक वाटतं, कोण डोळे चुकवतं, कोणाचा आवाज चढला, याला काडीची किंमत नव्हती. आपण वाक्यं तपासली. हे वाक्य अशा माणसाच्या तोंडी येऊ शकतं का, एवढाच प्रश्न विचारत गेलो. नेहमी खोटं बोलणारा माणूस आपल्याला नेहमी खरं बोलणाऱ्याइतकाच उपयोगी पडला, कारण त्याचं वाक्य उलटं केलं की सत्य हाती येतं. माणसाची पारख बाजूला ठेवून वाक्याची पारख करायची ही सवय मला या कोड्यांची खरी कमाई वाटते, आणि हे पुस्तक त्या सवयीसाठीच लिहिलं आहे.

"असं धरून पाहू" ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. न्यायशास्त्रात तर्क म्हणतात तो हाच. समोरच्याचं म्हणणं क्षणभर मान्य करायचं आणि त्यातून नको ती गोष्ट निघते हे दाखवायचं: डोंगरावर आग नाही म्हणता, तर मग धूरही नसायला हवा होता. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातल्या 'तर्कसंग्रहा'वर आजही न्यायाचा श्रीगणेशा होतो. त्याची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी तयार केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली आवृत्ती 1897 मध्ये मुंबईतच निघाली. नैयायिक मात्र तर्काला प्रमाणाचा मान देत नाहीत, प्रमाणाचा मदतनीस समजतात. नुसत्या तर्कानं जग कळत नाही, त्याला पाहणं आणि ऐकणं यांची जोड लागते, असं त्यांचं म्हणणं. आपल्या बेटापुरतं सांगायचं, तर तिथला कायदा आधीच ठरलेला असल्यामुळे तर्क एकटाच सगळं काम उरकतो. प्रत्यक्ष जगात असा कायदा कोणी लिहून देत नाही. हा फरक वाचकानं पहिल्या पानापासून मनात ठेवावा. त्याकडे पुढे येतोच.

खोटारड्याच्या कोड्याचं मूळ शोधायला लोक क्रीट बेटावर जातात. तिथल्या एपिमेनिडीस नावाच्या क्रीटवासीयानंच म्हटलं म्हणे, की क्रीटचे लोक नेहमी खोटं बोलतात. संत पौलानं तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हे वचन आलं आहे, म्हणून वसईतल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत ते कोड्याचं नाव ऐकण्याआधीच वाचलेलं असतं. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मुळे तर ते आजच्या मराठीत वाचता येतं. पौलाला कोड्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो क्रीटच्या लोकांवर वैतागला होता. गंमत अशी, की नीट पाहिलं तर यात विरोधाभास नाहीच. एपिमेनिडीसचं वाक्य खोटं मानलं की एवढंच निघतं, की कोणीतरी क्रीटवासी कधीतरी खरं बोलला. तो एपिमेनिडीसच असला पाहिजे असं थोडंच आहे! खरा पेच घातला तो इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युब्युलिडीसनं. एक माणूस म्हणतो, मी आत्ता जे बोलतो आहे ते खोटं आहे. हे खरं मानावं तर खोटं होतं आणि खोटं मानावं तर खरं.

हाच पेच पाचव्या शतकातल्या भर्तृहरीला 'वाक्यपदीया'त भेटला. मी बोलतो ते सगळं मिथ्या, असं कोणी म्हणालं तर काय समजायचं? भर्तृहरीचा निवाडा व्याकरणकाराला शोभणारा आहे: बोलणाऱ्याला त्या "सगळ्या"त खुद्द हे वाक्य धरायचंच नसतं. वाक्य स्वतःकडे बोट दाखवत नाही, आपण ते तसं वाचतो. पेच सुटतो की नुसता टळतो, यावर वाद घालता येईल. मला हा निवाडा आवडतो, कारण आपण रोज असेच बोलतो आणि असेच समजून घेतो.

बेटाच्या कायद्यानं हा पेच आपोआप बाहेर राहतो. "मी खोटे आहे" हे वाक्य बेटावर कोणीच बोलू शकत नाही. खरे बोलला तर खोटं होईल, खोटे बोलला तर खरं होईल. अडीच हजार वर्षांचा विरोधाभास इथे नुसता नियम होऊन बसतो, आणि तो नियमही कामाला येतो. मधला माणूस म्हणाला, "माझ्या डावीकडचा आत्ताच म्हणाला की तो खोटे आहे," तर डावीकडच्याचं काही न ऐकताच कळतं की मधला खोटे. या धाटणीचं कोडं अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यानं 1931 मध्ये 'बोस्टन पोस्ट' या वर्तमानपत्रात दिलं होतं. त्याआधी, 1894 मध्ये, लुईस कॅरॉलनं डायरीत असाच एक खेळ टिपून ठेवला होता: तिघे जण, पहिला दुसऱ्याला खोटारडा म्हणतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्या दोघांनाही. (एकटा दुसराच खरं बोलतो. कसं, ते वाचकानं पाहावं.) कॅरॉल म्हणजे 'ॲलिस'चा लेखक, पण पोटापाण्यासाठी ऑक्सफर्डला गणित शिकवणारा. 1930 च्या आसपास मोरिस क्रैचिक आणि इंग्लंडमधले ह्यूबर्ट फिलिप्स यांनीही अशी कोडी चालवली. तोवर हा सगळा प्रकार रविवारच्या पुरवणीतला होता.

गुडमनचं कोडं आलं त्याच वर्षी, 1931 मध्ये, तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलचा प्रसिद्ध निबंध आला. गोडेलनं खोटारड्याच्या वाक्यात एक शब्द बदलला. "मी खोटं आहे" ऐवजी "मला सिद्ध करता येणार नाही" असं म्हणणारं विधान त्यानं अंकगणिताच्या भाषेत रचून दाखवलं. पाठोपाठ 1933 मध्ये आल्फ्रेड तार्स्कीनं सांगितलं, की एखाद्या भाषेतल्या सत्याची व्याख्या त्याच भाषेत पूर्ण करता येत नाही. गणिताच्या पायाला हात घालणारी ही दोन कामं आणि वर्तमानपत्रातलं ते पोरकट कोडं यांची सोयरीक जुळायला आणखी जवळजवळ अर्धं शतक गेलं.

ती जुळवली रेमंड स्मलियन यानं. जन्म 1919, मृत्यू 2017. जादूगार, पियानोवादक, आणि प्रिन्स्टनला अलोन्झो चर्चच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला तर्कशास्त्रज्ञ. त्यानं सांगितलेली लहानपणीची गोष्ट अशी, की सहा वर्षांचा असताना एक एप्रिलला सकाळी मोठ्या भावानं बजावलं, आज तुला असं फसवीन की आजवर कोणी फसवलं नसेल. रेमंड दिवसभर वाट पाहत राहिला, भावानं काहीच केलं नाही. रात्री भाऊ म्हणाला, मी फसवणार असं तुला वाटलं होतं ना? फसवलं नाही, म्हणजेच फसवलं! पोरगं दिवे मालवल्यावरही विचार करत पडलं, की आपण फसलो की नाही. 1978 मध्ये त्याचं 'या पुस्तकाचं नाव काय?' या अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं, आणि खरंखोटं बोलणाऱ्यांच्या बेटाला कायमचं गावठाण मिळालं. त्याच पुस्तकात पुढे त्यानं वस्ती वाढवली. मनात येईल तेव्हा खरं आणि मनात येईल तेव्हा खोटं बोलणारे सामान्य लोक आणले. ट्रान्सिल्व्हेनियात माणसं खरं बोलतात आणि पिशाच्चं खोटं, पण तिथले निम्मे वेडे, त्यांना खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं वाटतं. त्यामुळे वेडं पिशाच्च फसवायला जातं आणि तोंडून खरं बाहेर पडतं. हसता हसता वाचक पुस्तकाच्या शेवटाला येतो, तेव्हा गोडेलच्या दारात उभा असतो.

ते दार इथंच किलकिलं करून दाखवतो. बेटावर एक तर्कशास्त्री आला आहे. तो चुकीची गोष्ट कधीच सिद्ध करत नाही. एक बेटवासी त्याला म्हणतो, "मी खरे घरचा आहे हे तुम्ही कधीच सिद्ध करणार नाही." हा माणूस खोटे असता तर त्याचं वाक्य खोटं ठरलं असतं, म्हणजे तर्कशास्त्र्यानं कधीतरी "हा खरे" असं सिद्ध केलं असतं, म्हणजे चुकीची गोष्ट सिद्ध केली असती. ते तर तो करत नाही. म्हणून हा माणूस खरे. म्हणून त्याचं वाक्य खरं. म्हणून तर्कशास्त्री ते कधीच सिद्ध करणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला कळलं, त्याला मात्र सिद्ध करता यायचं नाही. गोडेलच्या निबंधात या विचाराला अंकगणितात उतरवण्याचं प्रचंड काम आहे. पण गाभा हा.

स्मलियनची ओळख जगभरच्या वाचकांना करून देणाऱ्यांत मार्टिन गार्डनर आघाडीवर होते. 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांनी 1978 मध्ये स्मलियनच्या कोड्यांवर लिहिलं. त्याच सदरात तीन वर्षं आधी, मार्च 1975 मध्ये, त्यांनी एका शाळामास्तरावर लिहिलं होतं: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणू, 1905. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या गावचा हा माणूस देवळालीच्या शाळेत शिकवत होता आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत होता. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वेळांत 6174 येते आणि मग तिथेच मुक्काम करते. हा शोध 1949 चा. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी कापरेकरांचं काम पोरखेळ समजून बाजूला ठेवलं होतं. परदेशातून कौतुक आलं तेव्हा घरात दिवा लागला. करमणुकीच्या गणिताविषयी मराठी विद्वानांची नाकं अजूनही थोडी वरच असतात, म्हणून हे सांगितलं. पालघर जिल्ह्यात बसून असलं पुस्तक लिहिणाऱ्यानं कापरेकरांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शाळेत ही कोडी अगदीच नाहीत असं नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत त्यांची भावंडं असतात, स्पर्धा परीक्षांत तर हमखास. कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, आणि बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा गणितीय तर्कशास्त्राचा. पण वसई रोड ते विरार दरम्यान स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही क्लासमध्ये डोकावा, शिकवतात ती युक्ती. पर्याय एकेक घालून बघा, जो बसेल त्यावर खूण करा, एक मिनिट, पुढचा प्रश्न. परीक्षेत तेच शहाणपणाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. मात्र अशा मुलाला विचारावं, "दुसरं उत्तर का असू शकत नाही?" तर ते गोंधळतं. चार पर्यायांतला एक बरोबर असणार हे परीक्षकानंच कबूल केलेलं असल्यामुळे हा प्रश्न त्याच्या वाट्याला कधी आलेलाच नसतो.

मुलांचा पाय हमखास घसरतो तो नकारापाशी. खोटे घरचा माणूस म्हणाला, "विरारच्या सगळ्या गाड्या नालासोपाऱ्याला थांबतात," तर त्यावरून काय कळतं? दहांतली आठ मुलं म्हणतात, "एकही थांबत नाही." चूक. कळतं ते इतकंच, की निदान एक गाडी थांबत नाही. बाकीच्या थांबतही असतील. तसंच, "मी आणि माझा शेजारी दोघेही खोटे" हे खोटं ठरलं तर दोघेही खरे होत नाहीत. दोघांतला किमान एक खरे, एवढंच निघतं. "आणि"चा नकार "किंवा"त उतरतो, हा नियम ज्या ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावानं पुस्तकात छापतात, तो 1806 मध्ये मदुराईत जन्मला होता. या पुस्तकातली सुरुवातीची बरीच कोडी नुसत्या नकाराची आहेत. ती रुक्ष वाटतील. गाळू नयेत.

"जर-तर"ची तऱ्हा आणखी वेगळी. बेटावरचा एक जण म्हणतो, "मी खरे घरचा असेन, तर अर्नाळ्याच्या किल्ल्यात सोनं पुरलेलं आहे." तो खोटे आहे असं धरा. मग "मी खरे असेन" हा भागच खोटा, आणि ज्याची अटच पुरी होत नाही ते जर-तर वाक्य तर्कशास्त्रात खरं धरतात. खोटे माणूस खरं वाक्य बोलला, हे चालत नाही. म्हणून तो खरे, अट पुरी, आणि किल्ल्यात सोनं! हे ऐकल्यावर मुलं संतापतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तोंडानं नुसतं म्हटल्यानं सोनं कसं येईल? सोनं नसेल, तर असा माणूस असं वाक्य त्या बेटावर बोललाच नसता, हे उत्तर. कोड्यात दिलेली परिस्थिती मुळात शक्य आहे का, हा प्रश्न इथे पुन्हा दारात येऊन उभा राहतो. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा, 1942 चा विरोधाभास याच वाटेवर आहे.

आतापर्यंतची कोडी ऐकण्याची. दुसरी जात विचारण्याची, आणि माझ्या मते ती जास्त सकस आहे. वसई किल्ल्याजवळ रस्त्याला दोन फाटे फुटतात अशी कल्पना करा, एक पाचूबंदरला जातो, दुसरा किल्लाबंदरला. तिथे बेटावरचा एक माणूस उभा आहे, घराणं माहीत नाही, प्रश्न एकच विचारायचा. "हा रस्ता पाचूबंदरला जातो का, असं मी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का?" खरे घरचा सरळ उत्तर देईल. खोटे घरच्याची पंचाईत होते. रस्ता पाचूबंदरचाच असेल, तर सरळ प्रश्नाला तो "नाही" म्हणाला असता; आता त्या "नाही"बद्दलही त्याला खोटं बोलायचं आहे, म्हणून तो "हो" म्हणतो. दोन खोटी एकमेकांना खातात. जॉर्ज बूलॉस यानं 1996 मध्ये याच युक्तीला ताणून जगातलं सर्वांत अवघड तर्ककोडं म्हणून एक छापलं, मूळ श्रेय स्मलियनला देऊन: तीन देव, एक खरं बोलणारा, एक खोटं बोलणारा, एक लहरीप्रमाणे वाटेल ते बोलणारा, आणि त्यांच्या भाषेतले "हो" आणि "नाही" कोणते तेही आपल्याला ठाऊक नाही. प्रश्न तीनच. सुटतं.

स्टॅनिस्लॉ उलम या गणितज्ञानं 1976 च्या आत्मचरित्रात प्रश्न आणखी व्यवहारात आणला. समोरच्यानं दहा लाखांपर्यंतची एक संख्या मनात धरली आहे आणि तो हो-नाहीत उत्तरं देतो. सगळी उत्तरं खरी असतील तर वीस प्रश्न पुरतात. पण त्यानं एकदा, फक्त एकदा, खोटं बोलायची मुभा घेतली तर? प्रत्येक प्रश्न तीनदा विचारून बहुमत घेणं हा भाबडा मार्ग, त्यात साठ प्रश्न जातील. नेमकं उत्तर पंचवीस, आणि ते 1987 मध्ये सिद्ध झालं. लहान आकड्यांत हे जास्त सुंदर दिसतं. 0 ते 15 मधली संख्या, जास्तीत जास्त एक खोटं: सात प्रश्न पुरतात. सोळा संख्या, आणि प्रत्येकीसाठी आठ शक्यता (एकही खोटं नाही, किंवा सातांतलं कुठलंही एक खोटं), मिळून 128. सात हो-नाहींच्या मांडण्याही बरोबर 128. एकही जागा वाया जात नाही. रिचर्ड हॅमिंगनं 1950 मध्ये यंत्रांतल्या चुका पकडण्यासाठी मांडलेली संकेतपद्धती हीच, फक्त तिथे खोटं बोलते ती तार. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड पावसानं थोडा खरवडला तरी पैसे पोचतात, त्यामागे याच घराण्यातलं, पण बरंच पुढे गेलेलं गणित आहे. 1982 मध्ये लेस्ली लॅमपोर्ट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी फितूर सेनापतींचं कोडं मांडलं: चौघांत एक फितूर असेल तर बाकीच्यांचं एकमत होऊ शकतं, तिघांत एक असेल तर नाही. एकमेकांवर पुरता विश्वास नसलेल्या संगणकांना एका निर्णयावर आणायचं शास्त्र त्या बीजातून वाढलं.

अलीकडे या कोड्यांना एक अनपेक्षित नोकरी लागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपं खरोखर विचार करतात की पाठ केलेलं म्हणतात, हे तपासायला संशोधक बेटावरची कोडी वापरतात. हवी तितकी नवी कोडी पाडता येतात आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच पक्कं असतं. सरावातलं कोडं धडाधड सोडवणारं यंत्र, एकाच्या तोंडचं वाक्य जरासं बदललं की अडखळलेलं 2024 च्या एका अभ्यासात दिसलं. क्लासमधल्या मुलांबद्दल वर लिहिलं ते आठवून मला यंत्राची थोडी दया आली.

आता मर्यादा. या पुस्तकानं खोटारडे ओळखता येतील, असा दावा मी करत नाही, आणि दुसऱ्या कोणी केला तर विश्वास ठेवू नका. खोटं बोल पण रेटून बोल, या धोरणानं चालणारा माणूस नेहमी खोटं बोलत नाही. दहा खरी सांगून अकरावं खोटं सरकवतो. तो स्मलियनचा सामान्य माणूस, आणि त्याच्या एका वाक्यावरून कधीच काही निघत नाही. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलं ते या माणसाबद्दल. त्याहून अवघड तो धर्मराज. अश्वत्थामा मेला, हे वाक्य हत्तीपुरतं खरंच होतं. "नरो वा कुंजरो वा" पुटपुटून त्यानं द्रोणाचार्यांना फसवलं, तेही शब्दशः खोटं न बोलता. संध्याकाळी दादरला विरार फास्टच्या दारात हे नाटक रोज होतं. बोरिवलीचा कोणी नवखा विचारतो, "बोरिवलीला थांबते का?" दारातला म्हणतो, "ही विरार फास्ट आहे." अगदी खरं. गाडी बोरिवलीला थांबते हेही खरं. नवखा मात्र प्लॅटफॉर्मवर राहतो. बेटाच्या कायद्यानं दारातला हा गृहस्थ खरे घरचा ठरतो, आणि तिथे आपलं शास्त्र हात टेकतं. वाक्यातून काय निघतं ते शास्त्र सांगतं; वाक्य कशासाठी बोललं गेलं ते सांगत नाही. पण विचारलं काय आणि उत्तर कशाचं मिळालं, हे वेगळं करून पाहायची सवय लागलेला माणूस निदान दुसरा प्रश्न विचारतो, एवढा अनुभव मला आहे.

खरं आणि खोटं या दोनच खान्यांत जग बसवणं हीसुद्धा एक निवड आहे. आहे, नाही, दोन्ही, दोन्ही नाही, ही बौद्धांची चतुष्कोटी आणि जैनांची सप्तभंगी यांना दोन खाने अपुरे वाटले होते. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी हे विसरू नये. ते प्रांत या पुस्तकाच्या बाहेर ठेवले आहेत. दोन खान्यांचा हिशेब हातचा राखून करता आला की मग तिकडे जावं.

पुस्तकाची रचना चढणीची आहे, पण शाळेच्या इयत्तांसारखी नाही. सातवीतल्या मुलाला जमतील आणि त्याच्या आईबाबांना रात्री जागवतील अशी कोडी जागोजागी शेजारी ठेवली आहेत. चिन्हं उशिरा येतात. सत्यता कोष्टक काढायला शिकवलं आहे, तेही कोडी शब्दांत सोडवून झाल्यावर, कारण कोष्टक आधी हातात आलं की मुलं विचार करायचं सोडून रकाने भरतात. कोडी शक्य तिथे आपल्या भागातली घेतली आहेत: होड्या, सुकेळी, जीवदानीच्या पायऱ्या, निर्मळची जत्रा, आणि अर्थातच लोकल. परदेशी पात्रांचं मराठीकरण करण्यापेक्षा नवीच कोडी रचली. जिथे कल्पना जुनी आहे तिथे ती कोणाची ते सांगितलं आहे.

उत्तरं शेवटी आहेत, पण नुसतं "पहिला खरे, दुसरा खोटे" असं कुठेच लिहिलेलं नाही. प्रत्येक उत्तराबरोबर दुसरं उत्तर का चालत नाही तेही दिलं आहे, आणि वाचकानंही आपल्या वहीत तेवढंच लिहावं अशी अपेक्षा आहे. काही कोडी मुद्दाम अशक्य ठेवली आहेत. कोणती, ते इथे सांगत नाही. त्याखेरीज एखाद्या कोड्याला दोन उत्तरं निघाली किंवा एकही निघालं नाही, तर चूक माझी समजावी आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावं. फक्त "चूक आहे" एवढंच कळवू नये. सिद्धता सोबत जोडावी.